पीक इथले, खळे तिथले

२०१० साली ॲक्शनएड या संस्थेने एक अहवाल काढला. त्यात पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशाच्या राजधानीतल्या, अक्रा शहरातल्या, दोन शेजाऱ्यांची हकीकत होती. एक शेजारी म्हणजे बिअरचा मोठा कारखाना. सॅबमिलर या त्या वेळच्या जगातल्या बलाढ्य कंपनीच्या मालकीचा. दुसरी शेजारीण म्हणजे त्या कारखान्याजवळ टपरी टाकून बसलेली एक बाई. तीच बिअर आणि चार खाण्याचे जिन्नस विकून संसार चालवणारी. अहवालाचे म्हणणे असे, की मागच्या दोन वर्षांत या टपरीवालीने जेवढा प्राप्तिकर भरला तेवढासुद्धा शेजारच्या कारखान्याने भरला नव्हता.

(पुढे या लेखात मांसाचाही विषय येणार आहे. दोन्ही वस्तू आपल्या उंबऱ्याच्या आत न येणाऱ्या. पण जगातल्या करांचा इतिहास त्यांना वगळून सांगता येत नाही, त्याला माझा इलाज नाही.)

कारखाना तोट्यात होता का? बिअर तर भरपूर खपत होती. मग नफा गेला कुठे? अहवालात त्याचा माग काढला होता. बाटलीवर जे नाव छापले जाते त्या नावाची मालकी नेदरलँड्समधल्या एका भावंड कंपनीकडे. नाव वापरल्याबद्दल घानाच्या कंपनीने तिला रॉयल्टी द्यायची. कारभार कसा करावा याचा सल्ला देणारी दुसरी भावंड कंपनी स्वित्झर्लंडमध्ये, तिची फी वेगळी. कच्च्या मालाची खरेदी मॉरिशसमधल्या तिसरीमार्फत. आणि कर्ज घेतलेले तेही मॉरिशसच्याच कंपनीकडून, त्यावर व्याज. रॉयल्टी, फी, खरेदीतले कमिशन, व्याज असे सगळे खर्ची टाकले, की घानाच्या वहीत शिल्लक काय राहणार? आणि जिथे जिथे हा पैसा पोचला तिथे कराचा दर नावापुरता.

कंपनीने हे आरोप फेटाळले. आपण ज्या ज्या देशांत धंदा करतो तिथले करांचे सगळे नियम पाळतो, असे तिने सांगितले. मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हेच. कुणी खोटी वही लिहिली नव्हती, की हवालाने पैसा नेला नव्हता. मग प्रश्न कंपनीच्या नीतीपाशी थांबत नाही. हे नियम केले कुणी, कधी, आणि तेव्हा घानासारखे देश कुठे होते, इथपर्यंत मागे जावे लागते.

आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी पेढी, दुकान, नाहीतर शेती आहे, त्यामुळे हा मामला समजायला आपल्याला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. एका भावाचे दुकान बेळगावात, दुसऱ्याचे हुबळीत. या दुकानातून त्या दुकानात माल गेला तर तो कोणत्या भावाने लिहायचा, हे दोघे भाऊ आणि मुनीमजी मिळून ठरवतात. भाव चढा लावला तर नफा इथे दिसतो, उतरता लावला तर तिथे. पण दोन्ही दुकानांचा प्राप्तिकर शेवटी दिल्लीलाच जातो, म्हणून सरकारला त्याचे फारसे सुखदुःख नसते. आता कल्पना करा, की बेळगाव एका राज्यात आणि हुबळी दुसऱ्या राज्यात, आणि हुबळीत कर शून्य. मग मुनीमजी काय करतील? हे आपल्याकडे अगदी कल्पनेतलेही नाही म्हणा. इंग्रजी अमलात बेळगाव शहर सरकारचे आणि त्याला चिकटून असलेले शहापूर सांगली संस्थानचे होते. सीमेवरच्या माणसाला सीमा काय चीज आहे हे सांगावे लागत नाही.

जुन्या गावगाड्यात धान्याचे वाटे खळ्यावर पडत. मळणी झाली, रास पडली, की सुतार, लोहार, कुंभार, न्हावी आपापले बलुते घेऊन जात, सरकारचा हिस्सा निघे, आणि मग उरलेले धान्य शेतकऱ्याच्या घरी जाई. कणसे कापून कुणी परगावच्या खळ्यावर नेली, तर ज्या गावाच्या पाण्यावर, ज्या गावच्या नांगरावर पीक आले त्याच्या वाट्याला काडसुद्धा येणार नाही. घानाचे तसे झाले. पीक अक्राचे आणि रास पडली नेदरलँड्सच्या खळ्यावर.

हे खळे हलवण्याचे शास्त्र पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचे. लढाईच्या खर्चामुळे इंग्लंडमधला प्राप्तिकर चार वर्षांत कुठल्या कुठे गेला. १९१८ च्या सुमारास पौंडाला सहा शिलिंग, म्हणजे शेकडा ३० पर्यंत तो पोचला. विल्यम आणि एडमंड वेस्टी हे दोन भाऊ तेव्हा मांसाचा मोठा व्यापार करत. अर्जेंटिनात कत्तलखाने, जहाजांवर बर्फाच्या वखारी आणि इंग्लंडभर दुकाने. सरकारने परदेशातल्या कमाईवरही कर लावला तेव्हा त्यांनी सूट मागितली. ती मिळेना, म्हणून १९१५ मध्ये त्यांनी बिऱ्हाड ब्यूनॉस आयर्सला हलवले. देश लढतो आहे, पोरे खंदकांत मरताहेत आणि हे दोघे कर चुकवायला समुद्रापार! पुढे थोरल्याला १९२२ मध्ये सरदारकीही मिळाली, त्यावरून बराच गदारोळ झाला. ते असो.

लढाई संपल्यावर प्राप्तिकराचा विचार करण्यासाठी एक शाही आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे विल्यम वेस्टीने जे सांगितले ते मात्र अक्कलहुशारीचे होते. एक जनावर एका देशात मारले जाते, त्याचे मांस-चामडे पन्नास देशांत विकले जाते. मग त्यातला किती नफा इंग्लंडमध्ये झाला आणि किती बाहेर, हे कोण सांगणार? असा त्याचा मुद्दा. शंभर वर्षे झाली, या प्रश्नाला अजून कुणी सरळ उत्तर दिलेले नाही. सगळे करार आणि परिषदा म्हणजे त्याच एका जनावराचे वाटे कसे पाडायचे याचे भांडण.

व्यापाऱ्यांची तक्रार खरीही होती. एकाच नफ्यावर दोन देश कर घेऊ लागले तर धंदा करायचा कसा? ही तक्रार राष्ट्रसंघाकडे गेली. १९२३ मध्ये चार नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी राष्ट्रसंघाला अहवाल दिला. नेदरलँड्सचे ब्रुइन्स, इटलीचे ऐनाउदी, अमेरिकेचे सेलिग्मन आणि इंग्लंडचे स्टॅम्प. चौघेही विद्वान, ऐनाउदी तर पुढे इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. पण चौघांचे देश बघा. भांडवल बाहेर पाठवणारे, किंवा आपसात व्यापार करणारे. ज्यांच्या जमिनीत भांडवल घातले जाते, ज्यांच्या खाणी, मळे, बंदरे आहेत, त्यांतला एकही नाही. आफ्रिका जवळजवळ सगळी कुणा ना कुणाच्या टाचेखाली. हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा सभासद होता हे खरे, पण त्याचे प्रतिनिधी इंग्रज सरकार नेमायचे. आपल्या नावाची पाटी टेबलावर आणि खुर्चीत मत लंडनचे.

आणि असे नाही, की आपल्याकडे हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. हिंदुस्थानात निर्माण होणारी संपत्ती पगार, पेन्शन, व्याज आणि नफा अशा वाटांनी इंग्लंडला वाहून जाते, हे दादाभाई नवरोजी एकोणिसाव्या शतकापासून आकडे देऊन मांडत होते. त्यांचे मोठे पुस्तक १९०१ चे. जिनिव्हाच्या बैठकांच्या किती आधीचे! फक्त ते ऐकणारे खुर्चीवर नव्हते.

१९२८ मध्ये राष्ट्रसंघाने नमुन्याचे करार तयार केले. त्यांचा गाभा असा : परदेशी कंपनीचे एखाद्या देशात कायमचे ठिकाण असेल, म्हणजे कारखाना, दुकान, कचेरी असेल, तरच तिच्या धंद्याच्या नफ्यावर त्या देशाने कर घ्यायचा. व्याजासारख्या मिळकतीवरचा पहिला हक्क मात्र मुख्यतः पैसा लावणाऱ्याच्या देशाचा. पुढे १९३३ च्या सुमारास आणखी एक तत्त्व रुजले. भावंड कंपन्यांनी एकमेकींशी व्यवहार करताना परक्यासारखा भाव लावावा. बाजारात अनोळखी गिऱ्हाइकाला जो भाव सांगाल तोच घरच्या कंपनीला सांगा, म्हणजे नफा इकडचा तिकडे होणार नाही. ऐकायला किती न्यायाचे! पण एका चुलीवर जेवणाऱ्या जावांनी एकमेकींना भाजी विकत द्यावी आणि तीही मंडईच्या दराने, असे सांगण्यासारखे आहे ते. शिवाय बिअरच्या नावाला मंडईत दर असतो का? ते नाव दुसऱ्या कुणाकडे मिळतच नाही, मग तुलना करायची कशाशी?

यानंतरचा प्रसंग इतिहासाच्या पुस्तकांत फारसा सापडत नाही, आणि मला तो फार आवडतो. दुसरे महायुद्ध पेटले होते. युरोपचे देश जीव वाचवण्यात गुंतलेले. राष्ट्रसंघाच्या करतज्ज्ञांनी त्या काळात मेक्सिको शहरात बैठका घेतल्या, १९४० आणि १९४३ मध्ये. तिथे प्रथमच लॅटिन अमेरिकेतले देश बहुसंख्येने बसले होते. ज्यांचे तांबे, तेल, मांस बाहेर जात होते तेच हे देश. त्यांनी नमुना पालटला. जिथे धंदा चालतो, जिथे पैसा वापरला जातो, तिथल्या देशाला कराचा पहिला हक्क. व्याजावरही, रॉयल्टीवरही. मेक्सिकोचा नमुना म्हणतात तो हा. लढाई संपली. मार्च १९४६ मध्ये तीच समिती लंडनला भरली, या वेळी युरोपचे लोक परत आलेले, आणि नमुना पुन्हा जवळजवळ पूर्वीसारखा झाला. दोन्ही मसुदे शेजारी शेजारी छापून ठेवले गेले. तीन वर्षांत माणसे बदलली, खोली बदलली आणि न्यायही बदलला. घरातले मोठे बाहेरगावी गेल्यावर सुनांनी स्वयंपाकघराची मांडणी बदलावी आणि ते परत आल्यावर डबे पुन्हा होते त्या फळीवर जावेत, तसेच.

संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला तेव्हा हा प्रश्न तिथे जायला हवा होता. गेलाही, पण त्याची वित्त समिती १९५४ मध्ये गुंडाळली गेली. काम श्रीमंत देशांच्या संघटनेकडे, पुढे जिला ओईसीडी म्हणू लागले तिच्याकडे, पॅरिसला गेले. तिने १९६३ मध्ये आपला नमुना काढला, लंडनच्या वळणाचा. त्याच वर्षांत आशिया-आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते. झेंडा नवा, राष्ट्रगीत नवे आणि कराचा करार मात्र तयार छापील नमुन्यावर सही करण्याचा. संयुक्त राष्ट्रसंघाने गरीब देशांसाठी वेगळा नमुना काढला तो १९८० मध्ये. तोवर वाटा पडून गेल्या होत्या.

आपल्या देशाचीच गोष्ट घ्या. १९८२ मध्ये भारताने मॉरिशसशी करार केला. मॉरिशसच्या रहिवाशाने भारतात शेअर विकून नफा कमावला तर त्यावर कर घ्यायचा हक्क फक्त मॉरिशसला, असे त्यात एक कलम होते. आणि मॉरिशसमध्ये अशा नफ्यावर करच नव्हता! १९९१ नंतर आपला बाजार खुला झाला तेव्हा या कलमाचे सोने झाले. जगभरचे गुंतवणूकदार पोर्ट लुईला एक कंपनी नोंदवायचे, पत्त्यापुरती, आणि तिथून भारतात यायचे. कित्येक वर्षे भारतात येणाऱ्या परकीय गुंतवणुकीत या बेटाचा पहिला नंबर असायचा. आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढे बेट ते! हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ मध्ये न्यायालयाने करार वैध ठरवला. विकसनशील देशाला भांडवल हवे असते, त्यासाठी त्याने काही सोडले तर तो त्याचा धोरणाचा प्रश्न, असा निकालाचा रोख होता. करार बदलला तो २०१६ मध्ये. १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरवरचा हक्क तेव्हा भारताकडे परत आला. म्हणजे तीस-पस्तीस वर्षे गेली.

मॉरिशसला नावे ठेवायला मात्र माझी जीभ धजत नाही. उसाच्या मळ्यांवर राबायला नेलेल्या मजुरांच्या वंशजांचा हा देश. त्यांत आपली मराठी माणसेही आहेत, कोकणातून गेलेली. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. साखरेवाचून दुसरे काही नसलेल्या बेटाने पोट भरायला हा मार्ग धरला. एका गरिबाचे घर चालावे म्हणून दुसऱ्या गरिबाच्या घरातून पैसा जातो, आणि दोघांच्या मधून जाणारा श्रीमंत दोघांनाही दलाली दिल्यासारखे दाखवतो. नियमांचा खरा वाईटपणा इथे आहे.

भारताने नंतर तापटपणाही करून बघितला. २००७ मध्ये हचिसन या कंपनीने आपला इथला मोबाइलचा धंदा व्होडाफोनला सुमारे ११ अब्ज डॉलरना विकला. टॉवर इथे, गिऱ्हाइके इथली, पण प्रत्यक्ष विकला गेला तो केमन बेटावरच्या एका कंपनीचा शेअर. प्राप्तिकर खात्याने जवळपास ११,००० कोटी मागितले. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खात्याविरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षी सरकारने कायदाच मागल्या तारखेपासून बदलला. खेळ संपल्यावर नियम बदलणे हे कुणाच्याही घरात शोभत नाही. हेगच्या लवादात २०२० मध्ये आपण हरलो आणि २०२१ मध्ये तो बदल मागे घेतला. हक्क आपला होता असे मला वाटते, रीत चुकली.

श्रीमंत देशांना या सगळ्याची जाग कधी आली? त्यांचे स्वतःचे खळे रिकामे दिसू लागले तेव्हा. २००८ च्या मंदीनंतर तिजोऱ्या आटल्या. २०१२ मध्ये इंग्लंडच्या संसदेच्या समितीने स्टारबक्स, ॲमेझॉन आणि गूगलच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारले, की तुम्ही इथे एवढा धंदा करता आणि कर का इतका कमी? घानाची टपरीवाली जे भोगत होती ते आता लंडनच्या कॉफीवाल्याला जाणवू लागले, की शेजारचे मोठे दुकान भरत नाही ते आपण भरतो. लगेच परिषदा सुरू झाल्या. २०१३ मध्ये पॅरिसच्या संघटनेने पंधरा कलमी कार्यक्रम हाती घेतला.

तोवर धंद्याचे रूपही पालटले होते. १९२८ चे ते कायमचे ठिकाण आठवते ना? गूगलला जाहिराती विकायला आपल्या गावात दुकान लागत नाही. आमच्या गल्लीतला साडीवाला महिन्याकाठी फोनवरच्या जाहिरातीला पैसे मोजतो. ते पैसे कोणत्या देशात जाऊन पडतात हे त्यालाही ठाऊक नाही. भारताने २०१६ मध्ये यावर ६ टक्के लेव्ही बसवली, लोक तिला गूगल टॅक्स म्हणत. २०२० मध्ये परदेशी ई-कॉमर्स कंपन्यांवर आणखी २ टक्के. अमेरिकेने चौकशी लावली, आपल्या मालावर जादा जकात बसवण्याची धमकी दिली. शेवटी २ टक्क्यांची लेव्ही ऑगस्ट २०२४ मध्ये गेली आणि ६ टक्क्यांची १ एप्रिल २०२५ पासून.

मधल्या काळात, ८ ऑक्टोबर २०२१ ला, ज्याला शतकातला सर्वांत मोठा करसुधार म्हटले गेले तो करार झाला. १४० देशांपैकी १३६ देशांनी मान्य केला. त्याचे दोन भाग. पहिला भाग नफ्याच्या वाटणीचा. ज्या कंपन्यांची उलाढाल २,००० कोटी युरोंच्या वर आहे, जगभरात अशा शंभरएक, त्यांच्या नफ्यातला थोडा हिस्सा गिऱ्हाइकांच्या देशांना मिळणार. किती? समजा कंपनीने १०० रुपयांची विक्री केली आणि ३० रुपये नफा झाला. पहिले १० रुपये बाजूला. उरले २०. त्यांचा चौथा हिस्सा, म्हणजे ५ रुपये, जगातल्या सगळ्या गिऱ्हाईक देशांनी मिळून वाटून घ्यायचे, आणि कर लावायचा तो त्या वाट्यावर. बदल्यात प्रत्येक देशाने आपली गूगल टॅक्ससारखी लेव्ही सोडायची आणि पुन्हा बसवायची नाही. केनिया, नायजेरिया, पाकिस्तान आणि श्रीलंका या चार देशांनी मान्यता दिली नाही. हातातली भाकरी टाकून कागदावरचा लाडू घ्यायचा, असा हा सौदा. तो लाडू अजूनही कागदावरच आहे. कराराचा मसुदा २०२३ मध्ये तयार झाला, त्यात काही कलमांवर भारत, ब्राझील आणि कोलंबियाने आपला आक्षेप नोंदवला, आणि सह्यांसाठी ठरलेली २०२४ मधली मुदत उलटून गेली.

दुसरा भाग किमान कराचा : ७५ कोटी युरोंपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपनीने कुठेही असो, निदान १५ टक्के कर दिलाच पाहिजे. आफ्रिकेचे देश निदान २० टक्के मागत होते, कारण त्यांच्याकडचे दर २५-३० च्या घरात. १५ ला तडजोड झाली. आणि एखाद्या देशात कंपनीने ५ टक्केच भरले, तर उरलेले १० कुणी वसूल करायचे? त्या देशाने आपला कायदा वेळेत बदलला असेल तर त्यानेच. नसेल तर बहुधा मुख्य कंपनीच्या देशाने. म्हणजे गरीब देशाने कारखाना यावा म्हणून जी सवलत दिली, ती आता श्रीमंत देशाच्या तिजोरीत जमा होणार. व्हिएतनामने हे ओळखून १ जानेवारी २०२४ पासून आपला जादा कर लागू केला. पण कंपन्या निघून जातील या भीतीने त्याच पैशातून गुंतवणूकदारांना मदत देणारा निधीही काढला. या हाताने घेतले, त्या हाताने दिले.

मग जून २०२५ मध्ये सात श्रीमंत देशांनी आपसात ठरवले, की अमेरिकी कंपन्यांना या किमान कराच्या मुख्य नियमांतून वगळावे. अमेरिकेने त्या आधीच हा करार आपल्याला बांधील नाही असे जाहीर केले होते.

गरीब देशांना याची इतकी टोचणी का, असे कुणी विचारील. सरकारला पैसा कुठून तरी उभा करावाच लागतो. कंपनीकडून आला नाही तर तो मिठाच्या पुडीतून, साबणाच्या वडीतून येतो, आणि ती खरेदी घरातली बाई करते. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के कर होता हे आपल्याला आठवत असेल. ओरडा झाल्यावर वर्षाने तो काढला. केनियात २०२४ च्या वित्त विधेयकात पावावर १६ टक्के व्हॅट सुचवला होता, आणि पर्यावरणाच्या नावाखालची जी नवी लेव्ही होती तिने पॅड आणि बाळांचे लंगोटही महागणार होते. पावाचा कर सरकारने आधीच मागे घेतला, तरी तरुण मुले-मुली रस्त्यावर उतरली. २५ जूनला जमाव संसदेत शिरला, गोळीबारात माणसे मेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी विधेयकावर सही करणार नाही असे सांगितले. यामागे केनियाच्या डोक्यावरचे कर्ज हे मोठे कारण होते, सगळे बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या माथी मारता येणार नाही. पण दक्षिण आफ्रिकेचे माजी अध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या समितीने २०१५ मध्ये अंदाज दिला होता, की आफ्रिकेतून दरवर्षी ५० अब्ज डॉलर आडवाटेने बाहेर जातात, आणि त्यातला मोठा भाग कंपन्यांच्या व्यापारी व्यवहारांतून. ते आकडे आणि पावावरचा कर एकाच वहीची दोन पाने आहेत.

२०१५ मध्येच अदिस अबाबाच्या परिषदेत विकसनशील देशांनी मागणी केली होती, की कराचे नियम पॅरिसऐवजी संयुक्त राष्ट्रसंघात, प्रत्येक देशाला एक मत देऊन ठरवावेत. भारत त्यात पुढे होता. श्रीमंत देशांनी ती मागणी हाणून पाडली. आफ्रिकेच्या देशांनी मात्र पाठ सोडली नाही. नायजेरियाने त्यांच्या वतीने पुन्हा पुन्हा ठराव मांडले. २२ नोव्हेंबर २०२३ ला संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीत मतदान झाले : बाजूने १२५, भारत त्यांत होता, विरोधात ४८, तटस्थ ९. विरोधकांची यादी वाचताना मला १९४६ चे लंडन आठवले. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, वाटाघाटींची रूपरेषा ठरली तेव्हा ११० बाजूने आणि विरोधात फक्त ८ उरले. ४४ देशांनी तटस्थ राहणे पसंत केले. आधी नाही म्हणणारे बरेच जण आता गप्प बसले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कला काम सुरू होताच अमेरिकेचे शिष्टमंडळ उठून गेले. बाकीचे बसून राहिले.

२०२७ पर्यंत मसुदा तयार करायचे ठरले आहे. मुख्य कराराबरोबर दोन जोडकरारही व्हायचे आहेत. त्यांतला पहिला सीमेपलीकडून पुरवल्या जाणाऱ्या सेवांच्या कमाईवरचा. दुकान, कारखाना, कचेरी यांतले काहीही न थाटता एखादी कंपनी दुसऱ्या देशात कमावत असेल, तर त्या देशाने तिच्याकडून कर कसा घ्यायचा, हा त्याचा विषय आहे. केनियाने तेवढी वाट पाहिली नाही. परदेशी डिजिटल कंपन्यांसाठी डिसेंबर २०२४ पासून त्याने आपला नवा कर लागू केला आहे.